गाळणे, मोजणे आणि अहिंसा

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या अनेक जैन घरांत आजही नळाच्या तोंडाला सुती फडके बांधलेले असते. पाणी गाळून झाले की ते फडके तसेच वाळत घालायचे नाही, असा जुना दंडक आहे. गाळलेल्याच पाण्याने त्याची वरची बाजू हलक्या हाताने धुवायची आणि त्या धुवणात उतरलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल तिथेच परत सोडायचे. या धुवणाला जीवाणी किंवा बिलछानी म्हणतात. शहरात नळ आले, विहिरी बुजल्या आणि या आचाराचा दुसरा अर्धा भाग बहुतेक ठिकाणी सुटला. गाळणे राहिले, परत सोडणे गेले. बाजारापासून तीन-चार किलोमीटरवर हुसेनसागर तलाव आहे. पाणकीटकांचे अभ्यासक अशा तलावात जे जाळे घालतात त्याची जाळीही बारीकच असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. काठालगतचा चिखल ढवळायचा, त्यातून जाळे फिरवायचे, आत आलेला सगळा गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा आणि चिमट्याने एकेक जीव उचलून अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचा. तिथे परत सोडणे नसते. किडा मरतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कुळ ठरते. एक गाळणे जीव वाचवण्यासाठी, दुसरे जीव मारून तलाव जाणण्यासाठी. या दुसऱ्या गाळण्याला अहिंसेच्या परंपरेत जागा आहे का? प्रश्न किड्यांचा असल्यामुळे लहान वाटतो. पण त्याचे उत्तर द्यायला बसले की अहिंसेत आधी काय येते, हात आवरणे की डोळे उघडणे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डोळे उघडणे आधी येते असे माझे मत आहे. म्हणून ज्या तलावाचा आपण वापर करतो त्यातल्या किड्यांची नोंद ठेवणे हे त्या वापराबरोबर येणारे धार्मिक कर्तव्य आहे, असे मी म्हणतो.

हुसेनसागर हे या विचारासाठी मुद्दाम शोधून काढलेले उदाहरण नाही. कुतुबशाही काळात, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, 1562 च्या सुमारास हा तलाव बांधला गेला. पुढे निजाम अली खानाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना जागा दिली आणि मुसी नदीच्या उत्तर काठावर बेगम बाजार उभा राहिला. 1908 च्या सप्टेंबरात मुसीला आलेल्या महापुराने शहर उद्ध्वस्त केले आणि त्यानंतरच्या नव्या बांधणीच्या काळातच, 1920 च्या सुमारास, हुसेनसागराच्या काठी कोळशावर चालणारे वीजघर आले. त्याची क्षमता 22.5 मेगावॉटपर्यंत पोहोचली होती. आजच्या मानाने ती किरकोळ, पण त्या काळच्या शहरासाठी मोठी. 1983 पर्यंत ते चालले, नव्वदच्या दशकात पाडले गेले आणि आता त्या बाजूला बागा आणि खाण्यापिण्याची ठिकाणे आहेत. वीजघर तलावाच्याच काठी का, याचे कारण साधे आहे. पाण्याची वाफ करून चक्र फिरवायचे, मग ती वाफ पुन्हा थंड करून पाणी करायचे, आणि थंड करायला भरपूर पाणी हवे. कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याच्या आसपास भाग विजेत जातच नाही, तो या थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. ते कोमट पाणी तलावात परत गेले की तलावाची प्रकृती बदलते. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, 30 अंशाला तो साडेसातवर येतो. थंड रक्ताच्या जीवाची भूक आणि श्वास मात्र उष्णतेबरोबर वाढतात. म्हणजे ज्या वेळी प्राणवायू जास्त लागतो त्याच वेळी तो कमी मिळतो. काही अळ्या हंगामाआधीच वाढून पंख घेऊन बाहेर पडतात आणि बाहेर ना जोडीदार तयार असतो, ना ऋतू. प्रदूषणाविरुद्धचा देशाचा जलकायदा 1974 चा. तोवर हे वीजघर पन्नासहून अधिक वर्षे चालून झाले होते, आणि तलावाच्या तळाशी काय घडते आहे याचा हिशोब ठेवण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती.

हा हिशोब किड्यांवरूनच का करायचा, हे समजण्यासाठी एका अळीकडे नीट पाहावे लागते. कायरोनॉमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांचे एक मोठे कुळ आहे. त्यातल्या काही जातींच्या अळ्या रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. किड्यांमध्ये ही गोष्ट दुर्मिळ आहे. ही अळी तळाच्या गाळात लाळेच्या धाग्याने कणकण चिकटवून नळी करते, त्या नळीत राहून अंग लाटेसारखे हलवते आणि पाणी आत खेळते ठेवते. प्राणवायू जवळजवळ संपला तरी हिमोग्लोबिनच्या बळावर ती तग धरते. पांढऱ्या ट्रेमध्ये घेतली तर ती वळवळत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे घालते आणि सोडते, पुन्हा घालते. तिच्या डोक्याच्या खालच्या अंगाला दात असलेली एक कडक पट्टी असते. गाळात जड धातू किंवा विषारी द्रव्ये असली तर त्या दातांची ठेवण बिघडते, एखादा दात जास्त येतो, एखादा गळतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसते. मेफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकाची अळी याच्या अगदी उलट नाजूक. तिचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना उघड्यावर असतात आणि प्राणवायू घटला की ती सगळ्यांत आधी नाहीशी होते. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन अभ्यासकांनी 1908 आणि 1909 साली, म्हणजे मुसीच्या पुराच्याच सुमारास, पाण्यातल्या वनस्पती आणि प्राण्यांवरून घाणीची प्रत ठरवण्याची पद्धत मांडली. ब्रिटनमध्ये 1980 च्या आसपास कुळांना 1 ते 10 गुण देण्याची रीत रूढ झाली. त्यात मेफ्लायच्या अनेक कुळांना 10 गुण आहेत, कायरोनॉमिडांना 2. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जैविक निकषांवर पाण्याच्या पाच प्रती ठरवल्या आहेत. आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे गोड्या पाण्यातल्या जीवांच्या अभ्यासाचे केंद्र तर हैदराबादमध्येच आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो. पाण्याची रासायनिक तपासणी होतेच, मग जीव कशाला मारायचे? पण बाटलीत भरलेले पाणी फक्त भरल्या क्षणाची गोष्ट सांगते. रात्री दोन वाजता नाल्यात सोडलेले विष सकाळी दहाच्या बाटलीत सापडेलच असे नाही. तळातली अळी मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच राहिलेली असते. तिच्या अंगावरून जे गेले ते सगळे तिच्यात नोंदले जाते, किंवा तिच्या नसण्यात नोंदले जाते. हुसेनसागराच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. कुकटपल्ली नाल्याने बालानगर, सनतनगर, जीडीमेटला या औद्योगिक भागांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावात आणले आहे, आणि अशा नाल्याचे पाणी तासातासाला बदलते. रासायनिक तपासणीला मी कमी लेखत नाही. कोणते विष आहे हे तीच सांगू शकते. पण त्या विषाने कोणाचे काय केले, हे ज्याच्यावर गुदरले त्यालाच विचारावे लागते.

आता तत्त्वाकडे येतो. अहिंसा म्हणजे कमीत कमी जीवांचा घात, अशी एक समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. हुसेनसागर या समजुतीला अडचणीत आणतो. तलाव स्वच्छ असताना तळाच्या एका चौरस मीटरमध्ये अनेक प्रकारचे जीव असतात, पण प्रत्येकाची संख्या बेताची असते. मैला येऊ लागला की नाजूक जाती एकेक करून संपतात आणि लाल अळ्या व गाळातले गांडूळवर्गीय कृमी हजारोंनी माजतात. निव्वळ डोकी मोजली तर सडणाऱ्या तलावात जीव जास्त भरतात. मग तलाव सडवणारा अधिक जीवांना जन्म देतो म्हणून तो अधिक दयाळू ठरला का? हा निष्कर्ष कोणालाही मान्य होणार नाही, आणि होऊ नये. म्हणजे आपल्या मनातल्या अहिंसेत डोक्यांच्या संख्येपलीकडे काहीतरी आहे, आणि ते काय हे सांगायला किती प्रकारचे जीव होते, त्यांतले कोण गेले आणि कोण उरले, याची माहिती लागते. जाळे न टाकणाऱ्याकडे ती नसते. तो काठावर उभा राहून सद्भावनेने पाण्याकडे बघतो आणि पाणी हिरवे का काळे, एवढेच त्याला दिसते. त्याच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. पण त्या सद्भावनेला काम करायला जागाच मिळत नाही.

जैन परंपरेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता, असे मला तिची रचना पाहताना वाटते. जीवांची वर्गवारी तिने इंद्रियांवरून केली. पाणी, माती, वनस्पती यांचे जीव एकेंद्रिय, कृमी दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, माशी आणि डास चार. ही यादी कोणी ध्यानात बसून केलेली नाही. मुंगी वासाने वाट काढते, माशीला दिसते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. कायरोनॉमिडची अळी वळवळणारा कृमी म्हणून दोन इंद्रियांत जाईल आणि तीच पंख फुटल्यावर चार इंद्रियांत. पण त्या अळीच्याही डोक्याच्या बाजूंना प्रकाश ओळखणारे डोळ्यांचे ठिपके असतात, हे भिंगाखाली दिसते. जुनी यादी यामुळे खोटी पडते, असे कोणी समजू नये. ज्या निरीक्षणातून ती तयार झाली ते निरीक्षण पुढे चालू ठेवणे, हाच तिचा मान राखण्याचा मार्ग आहे. दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला पहिले आणि दयेला दुसरे स्थान आहे, कारण जीव कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो संयम कशाचा करणार? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्राणघाताबरोबर प्रमाद आहे, म्हणजे गाफीलपणा. टीकाकारांनी त्याचा विस्तार असा केला, की पूर्ण सावधपणे चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली जीव आला तरी त्याला हिंसेचा बंध तसा लागत नाही, आणि बेसावध माणसाकडून कोणी मेले नाही तरी तो हिंसकच. ही कसोटी वीजघराला लावून पाहावी. त्याने किती अळ्या मारल्या, हा प्रश्न दुसरा. कोमट पाणी सोडताना पाण्यात कोण राहते हे विचारले का, हा प्रश्न पहिला. आणि तोच प्रश्न त्या वीजघराची वीज वापरणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो.

मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरांचा आक्षेप आठवल्यावाचून राहणार नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना ते आधी इतरांची मते तपासतात. पावसासाठी यज्ञात पशू मारणारे, एका जिवाला बरे करण्यासाठी झाडे मुळासकट उपटणारे वैद्य, यांच्याबरोबर ते धर्म म्हणून पाणी गाळणाऱ्यांनाही घेतात: गाळण्यातच जीव मरतात, मग ही कसली अहिंसा? जाळे टाकणाऱ्या अभ्यासकावर हाच आक्षेप शतपटीने लागू आहे, कारण गाळणाऱ्याच्या हातून जीव नकळत मरतात आणि अभ्यासकाच्या हातून जाणूनबुजून. मी हा आक्षेप गंभीरपणे घेतो. एका जिवाच्या भल्यासाठी दुसरा मारण्याचे समर्थन एकदा सुरू झाले की ते कुठे थांबेल याचा भरवसा नसतो, हे ज्ञानेश्वरांचे म्हणणे खरे आहे. पण त्याच अध्यायात पुढे अहिंसक पुरुषाचे जे चित्र ते उभे करतात त्याकडेही पाहावे. तो पाऊल जपून टाकतो, कारण मातीच्या कणाकणांत लहान जीव आहेत हे त्याला माहीत आहे. त्याची चाल हळुवार आहे ती माहिती असल्यामुळे. ज्ञानेश्वरांनी पाणी गाळण्याची निंदा केली ती आचार उरतो आणि जाण हरवते म्हणून, असे मी त्यांचे म्हणणे वाचतो. बेगम बाजारातले नळाला बांधलेले फडके आणि हरवलेली जीवाणी यांच्याकडे बघितले की त्यांचा रोख कोणावर आहे ते कळते. एकोणीस जीव मारून विसावा वाचवण्याचा हिशोब मी इथे मांडत नाही. माझे म्हणणे इतकेच, की जाण मिळवण्यासाठी जी हिंसा घडते ती हिंसाच आहे, ती कमीत कमी असली पाहिजे, आणि ती कोणाच्या नावे आहे हे लिहून ठेवले पाहिजे. ती टाळून अजाण राहिलो तर तलावातली मोठी हिंसा तशीच चालू राहते आणि तिचा कर्ता कोणीच उरत नाही.

याहून कठीण आक्षेप दुसराच आहे. अहिंसा एकेका जिवाची असते, कीटकगणना समूहाची. मुनीला त्याच्या पायाखालची ही मुंगी वाचवायची असते, मुंग्यांची जात नव्हे. अभ्यासकाला जात हवी असते, त्यासाठी ही अळी गेली तरी चालते. दोन दृष्टी मुळातच वेगळ्या आहेत, त्यांची सांगड घालणे म्हणजे धर्माला विज्ञानाच्या दावणीला बांधणे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि शब्दांच्या कसरतीने तो उडवून लावता येत नाही. पण पद्धत बदलून त्याची धार कमी करता येते, आणि इथे जैनांचीच लेश्यांची, म्हणजे मनोवृत्तीच्या छटांची, कथा उपयोगी पडते. सहा जण भुकेले, समोर जांभळाचे झाड. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो फांद्या तोडू, असे करत शेवटचा म्हणतो, खाली पडलेली जांभळे वेचली तरी पोट भरेल. पाणकीटकांच्या अभ्यासातही अशी खाली पडलेली जांभळे आहेत. कायरोनॉमिडची माशी पाण्यातून बाहेर पडते तेव्हा कोशाची कात पृष्ठभागावर सोडून जाते. ती पारदर्शक कात एक-दोन दिवस तरंगत राहते आणि वारा तिला एका काठाला लोटतो. त्या कातीवरचे काटे आणि केस पाहून जात ओळखता येते. जर्मन शास्त्रज्ञ थीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या काती गोळा करण्याचे महत्त्व दाखवले आणि नंतर युरोपात त्यावर पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत बसवली गेली. पावसाळ्यात हैदराबादेत वारा पश्चिमेकडून येतो, आणि हुसेनसागराचा पूर्व काठ म्हणजे टँक बंडचा बांध. म्हणजे आषाढ-श्रावणात तरंगत्या काती बांधाच्या बाजूला फेसाबरोबर जमायला हव्यात. तिथे बारीक जाळीने वरचा फेस उचलला, की एकही जीव न मारता नोंद होते. ही पद्धत अपुरी आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्या अळ्या मोठ्या होण्याआधीच मेल्या त्यांच्या काती नसतात, आणि गाळातले कृमी, शंख-शिंपले यांची तर कात नसतेच. म्हणून जाळे पूर्णपणे टळणार नाही. पण वर्षभर काती वेचून जिथे शंका येईल तिथेच जाळे टाकायचे ठरवले तर मरणाऱ्या जीवांची संख्या पुष्कळ खाली येईल. समूहाच्या ज्ञानासाठी एकेका जिवाला कमीत कमी दुखावणे, इथपर्यंत दोन्ही दृष्टी बरोबर चालू शकतात. त्यापुढे त्या वेगळ्या होतात, आणि तिथे मी ज्ञानाच्या बाजूने उभा आहे.

किडे मुळात उपद्रवी, त्यांची काळजी कशाला, असाही एक सूर असतो आणि हैदराबादेत तो समजण्यासारखा आहे. डास हाही पाण्यातच वाढणारा कीटक. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना हुसेनसागरापासून जवळच, बेगमपेटमध्ये, डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. त्यासाठी त्यांनी किती डास चिरले असतील याची कल्पनाच केलेली बरी, आणि त्या शोधाने वाचलेली माणसे मोजता येणार नाहीत. शहराच्या महापालिकेचा कीटकशास्त्र विभाग आजही डासांच्या अळ्या शोधतो आणि मारतो, आणि त्यात गैर काही नाही. आत्मसंरक्षणासाठीची विरोधी हिंसा गृहस्थाला सुटत नाही, हे जैन आचारशास्त्रही मान्य करते. माझी तक्रार वेगळी आहे. शहर पाण्यातल्या किड्यांना ओळखते ते फक्त मारण्यापुरते. वास्तविक डासांच्या अळ्या खाणारे चतुराचे आणि टाचणीचे बाळ, जे खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून भक्ष्य पकडते, तेही त्याच पाण्यात असते आणि घाणीने तेच आधी कमी होते. शत्रूला मारायचे ठरवले तरी आपला मित्र कोण हे ओळखायला मोजणी लागतेच.

वीज सोडता येत नाही, हा आक्षेप सगळ्यांत खरा. बेगम बाजारात भांडी, मसाले, सुकामेवा, पूजेचे साहित्य यांची घाऊक उलाढाल चालते, आणि वजनकाट्यापासून शीतगृहापर्यंत सगळे विजेवर चालते. कोणी व्यापाऱ्याने मीटर काढून टाकावे असे मी म्हणत नाही. जैन गृहस्थधर्माने उद्योगातली हिंसा अपरिहार्य म्हणून मान्य केली, पण तिला कुंपण घातले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची, कर्मादानांची, जी यादी आहे तिच्या सुरुवातीलाच अंगारकर्म, म्हणजे अग्नीवर चालणारा व्यवसाय, आहे आणि शेवटाजवळ तळी-सरोवरे आटवण्याचा व्यवसाय आहे. कोळशाचे वीजघर या दोन्हींच्या मधोमध उभे असते. आज हुसेनसागराकाठी धुराडे नाही. पण तेलंगणातली वीज रामागुंडमहून येते, कोत्तागुडेमहून येते, आणि कोत्तागुडेमच्या वीजघराला किन्नेरसानी जलाशयाचे पाणी लागते. महाराष्ट्रात कोराडीला वीजघर, तलाव आणि जगदंबेचे देऊळ एकमेकांच्या शेजारी आहेत. देवीचा भक्त आणि विजेचा ग्राहक तिथे एकच माणूस असतो. नव्या वीजघरांना शीतमनोरे बंधनकारक झाल्यापासून तलाव थेट तापणे कमी झाले, ही चांगली गोष्ट आहे. तरीही वीज दुरून आली की तिचा भार कोणावर पडतो हे दिसेनासे होते, आणि न दिसणाऱ्या जीवाबद्दल सावध राहणे माणसाला फार जड जाते. नियमाने प्रसिद्ध होणारी कीटकांची नोंद हा भार पुन्हा ग्राहकाच्या नजरेसमोर आणते. व्यापाऱ्याला खातेवहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. ज्या देण्याची नोंद नाही ते देणे फिटत नाही, हे तो रोज अनुभवतो.

भाद्रपदात हा सगळा विचार एका दिवशी एकवटतो. दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपते, त्याच्या पाठोपाठ क्षमावाणी, म्हणजे क्षमा मागण्याचा दिवस, येतो. त्याच अनंत चतुर्दशीला हुसेनसागरात हजारो गणेशमूर्तींचे विसर्जन होते, आणि त्यांतल्या पुष्कळ मूर्ती बेगम बाजाराच्या शेजारच्या धूलपेटमध्ये घडलेल्या असतात. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे रासायनिक दृष्ट्या गंधकाम्लाचे मीठ. प्राणवायू नसलेल्या गाळात त्यापासून जीवाणू कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार करतात, आणि त्या वायूत लाल अळीलाही टिकणे अवघड होते. न्यायालयांनी अशा मूर्तींवर निर्बंध आणले, शाडूच्या मूर्ती वाढत आहेत, कृत्रिम हौद होत आहेत. त्यामागची भक्ती मी कमी मानत नाही. प्रश्न क्षमेचा आहे. प्रतिक्रमणात, म्हणजे दोषांची कबुली देण्याच्या विधीत, जैन श्रावक चालता-फिरता दुखावलेल्या जीवांची एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत नावे घेऊन क्षमा मागतो, त्यात ओल, शेवाळ, चिखल आणि पाणी यांचाही उल्लेख असतो. ही क्षमा मागताना नावे घ्यावी लागतात यातच तिचे बळ आहे. सगळ्यांची सरसकट माफी मागणारा माणूस बहुधा कोणाचीच मागत नसतो. विसर्जनाच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यात टँक बंडला जमलेल्या काती वेचून कोणत्या जाती होत्या आणि कोणत्या दिसेनाशा झाल्या हे मांडले, तर त्या क्षमेला नावे मिळतील. गणेश मंडळे आणि जैन संघ या दोघांनाही हे काम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाच्या मदतीने करता येण्यासारखे आहे आणि खर्चही फारसा नाही. त्यासाठी बारीक जाळी, बाटल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि ओळखण्याचे शिक्षण घेतलेली दोन-चार माणसे लागतात.

तलाव आता सुधारतो आहे, मग ही धडपड कशासाठी, असेही विचारले जाईल. 2006 पासून जपानच्या कर्जसाहाय्याने हुसेनसागराच्या सुधारणेचा प्रकल्प राबवला गेला आणि त्याचा एक भाग म्हणजे नाल्यांचे घाण पाणी तलावात येऊ न देता वळवणे. वळवलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शुद्धीकरण केंद्रात जाते, जे तिथे मावत नाही किंवा पुरते शुद्ध होत नाही ते मुसीत जाते, आणि मुसीच्या खालच्या अंगाच्या गावांत त्यावर भाताची आणि गवताची शेती होते. जैन मुनीच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध आचाराच्या नियमांपैकी, पाचवी टाकून देण्याच्या वस्तूंबद्दल आहे: मलमूत्रसुद्धा जिथे जीव नाहीत अशी जागा नीट पाहून टाकायचे. जागा पाहणे हा त्या नियमाचा गाभा आहे. हुसेनसागराच्या बांधावर कीटकांची नोंद सुरू झाली आणि तीच नोंद मुसीच्या खालच्या पुलांपाशी ठेवली नाही, तर तलावाचे आकडे सुधारत जातील आणि नदीत काय मेले हे कोणाच्याही वहीत येणार नाही. म्हणून पहिले जाळे टँक बंडला पडले तरी दुसरे त्याच आठवड्यात मुसीत पडले पाहिजे, आणि दोन्हींचे निष्कर्ष एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले गेले पाहिजेत.